तीन उजव्या चपला

माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तीन वर्षं एक खोकं पडून होतं. त्यात तीन चपला. तिन्ही रेक्झिनच्या, तिन्ही आठ नंबरच्या आणि तिन्ही उजव्या पायाच्या. दिवाळीची साफसफाई निघाली की बायको ते खोकं फेकायला काढायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. या असल्या चपलांचं करणार काय, असं ती विचारायची. भूपालअण्णाची ठेव आहे, हात लावू नकोस, एवढंच म्हणायचो.

मी मूळचा साताऱ्याकडच्या कोरेगावचा. सांगलीजवळ माधवनगरात चपलांचं दुकान टाकलं त्याला आता तीस वर्षं होतील. दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भूपालअण्णा चौगुले. समोरच्याच गल्लीत राहायचा. सूतगिरणीत जॉबर होता, म्हणजे वीसपंचवीस माणसं आणि तेवढीच यंत्रं सांभाळायची. आला आणि दारातूनच ओरडला, चामड्याची नको, आमी जैन, आमच्यात चालत न्हाई, दुसरं काय असंल ते दाव. मला वाटलं भांडायला आलाय. पुढं कळलं की हा बोलतोच असा. गिरणीत यंत्रांच्या खडखडाटात बोलून बोलून त्याचा आवाजच तसा झाला होता. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण अण्णाचा आवाज काही खाली आला नाही. गुपित म्हणून कानाशी येऊन काही सांगायला लागला तरी पलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचं. त्यामुळं त्याच्या घरातल्या सगळ्या गोष्टी पेठेला ठाऊक असायच्या. या माणसाच्या पोटात काही राहत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पण आमचं अरेतुरेचं होतं. मला तो कधी नावानं हाक मारायचा नाही, सातारकर म्हणायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाकड्यावर येऊन बसायचा आणि त्याच्या वडलांचं पुराण सुरू व्हायचं. त्यांना तो आप्पा म्हणायचा. आप्पा कृष्णाकाठच्या गावात शेती करायचे. नव्वदी ओलांडून गेले तेव्हा तोंडात सगळे दात होते. सांगलीच्या बाजाराला चालत येऊन चालत परत जायचे. दिवस मावळला की अन्नाला शिवायचे नाहीत. आणि जन्मात पायात पायताण घातलं नाही. हे शेवटचं वाक्य अण्णा माझ्या दुकानात, चपलांच्या खोक्यांमध्ये बसून, मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा.

आप्पांचं हे सगळं अण्णा सांगायचा खरा, पण स्वतः त्यातलं काही करत नव्हता. पाळीच्या नोकरीत कसलं दिवसा जेवण आणि कसलं काय. रात्रपाळीला भजी, पाव, चार वेळा गोड चहा. पन्नाशीच्या आतच साखरेचा आजार लागला आणि दहा वर्षं त्यानं तो अंगावर काढला. गोळी आठवली तर घ्यायची. मग त्याच्याच खात्यातल्या एका जोडीदाराचा पाय साखरेपायी मांडीपासून काढावा लागला. अण्णा त्याला भेटून आला तो थेट माझ्याकडं. बराच वेळ बसला. त्या दिवशी आप्पांचं नाव निघालं नाही. उठताना म्हणाला, "सातारकर, मराण कवाबी येऊ दे. पर जाताना दोनी पाय घिऊन जायचं."

चपला हरवायला लागल्या त्या त्यानंतर.

पहिली गेली देवळापाशी. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, असा अण्णा दुकानात आला आणि म्हणाला, मंदिराबाहेरून चोरीला गेली. मी म्हणालो, अरे बाबा, चोर एकच चप्पल कशाला नेईल? त्यावर तो नुसता हसला. मी नवा जोड दिला आणि उरलेली उजवी, ठेव म्हणून, एका खोक्यात टाकून दिली. चार महिन्यांनी पुन्हा तेच. बाजारातल्या गर्दीत पडली म्हणाला. या खेपेला जोड देताना मी दोन्ही पट्टे आत ओढून जादा टाके मारून दिले, म्हणजे निसटायला नको. तिसऱ्यांदा एसटीत चढताना गेली. तिन्ही वेळा डावीच. दुकानात चारपाच माणसं बसलेली होती. मला चेव आला. म्हणालो, अण्णा, तुझ्या मागावर कोणीतरी लंगडा चोर आहे बघ, उजवा पाय नसलेला. सगळे खो खो हसले. अण्णाही हसला. मग त्यानं ती तिसरी उरलेली चप्पल काउंटरवर ठेवली आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आजपासून पायताण बंद, आता आप्पांसारखं राहायचं. पट्टे मी तिसऱ्या जोडाचे सगळ्यात घट्ट केले होते.

माणूस मी पायावरून ओळखतो, असं लोकांना सांगायचो. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर त्याचा नंबर मी सांगतो, टाच कुठं झिजणार ते सांगतो. आणि एक माणूस वर्षात तीन वेळा डावी चप्पल हरवतो, त्याचं मला काही कळलं नाही. मी त्याची चेष्टा केली.

अण्णानं मनावर घेतलं ते मात्र पुरतं घेतलं. महिन्याभरात घराची उलथापालथ केली. मुलानं हौसेनं आणलेलं जेवणाचं टेबल उचलून त्याच्याच घरी शिरवळला पाठवून दिलं. खाटेवरची गादी गेली, घोंगडं आलं. चहा बंद. सकाळी हुलग्याचं पातळ माडगं, दुपारी शाळूची भाकरी आणि ताक. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत ताट पुसून मोकळा. त्याची बायको पद्मावैनी सांगलीतल्या पेठेत वाढलेली. तिला हे सगळं निस्तरावं लागायचं. ती मला म्हणायची, भावजी, तुमच्या मित्राला सांगा, आप्पा असे जगले खरे, पण त्यांचं सगळं माझ्या सासूबाई करायच्या, त्या कशा जगल्या ते यांनी एकदा सांगावं. मी सांगितलं. अण्णानं दुसऱ्या दिवसापासून दळण स्वतः करायला घेतलं.

त्यासाठी गावातून आप्पांच्या वेळचं जातं आणलं. त्याच्या वरखालच्या दगडी पाळ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. त्यांना टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून घ्यायच्या, तर ते करणारी बाई महिनाभर शोधल्यावर मिरजेच्या बाजूला सापडली. तिनं दिवसभर ठोकून जातं करून दिलं. अण्णानं त्याच दिवशी शेरभर शाळू दळला, वैनीनं भाकरी थापल्या आणि मला कौतुकानं जेवायला बोलावलं. पहिला घास घेतला आणि दाढेखाली करकर वाजली. भाकरीत दगडाची कच. वैनीनं भाकरी बाजूला सारली. मी पाण्याबरोबर गिळली. अण्णा मात्र सावकाश चावत राहिला, दोन भाकरी संपवल्या आणि म्हणाला, आप्पांचे दात असेच पक्के झाले असणार.

आठ दिवसांनी गल्लीतली एक म्हातारी दळण बघायला आली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. टाकी लावल्यावर जातं धुवायचं असतं, पहिलं दळण कोंड्याचं काढायचं आणि ते जनावराला घालायचं, हे तुम्हाला ठाऊक नाही? अण्णाला ठाऊक नव्हतं. आप्पांचं जगणं त्यानं बघितलं होतं ते दुरून, सुट्टीला गावी गेल्यावर. ते कसं करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारी माणसं आता उरली नव्हती. त्या दिवशी बाकड्यावर बसून तो मला म्हणाला, "शिकवणारी सगळी गेल्यावर आमी शिकाय निघालोय गड्या."

पण एक सांगतो, साखर उतरली. खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांत निम्म्यावर आली. रिपोर्टचा कागद फडकावत अण्णा दुकानात आला आणि त्यानं तो सगळ्या पेठेला वाचून दाखवला. मीसुद्धा घरी सांगून टाकलं की उद्यापासून मला भाकरीच पाहिजे. बायको म्हणाली, करा थापायला सुरुवात. अण्णाची अंगकाठी हलकी झाली, चेहरा निवळला, उकिडवा बसून तासभर गप्पा मारायला लागला. ते वर्षभर मला खरंच वाटायचं की या माणसानं आजाराला हरवलं.

मधेच तो आठ दिवस शिरवळला मुलाकडं जाऊन आला. मुलगा अभय तिथं कंपनीत आहे. त्यालाही मार्गाला लावावं, एकदा तरी सगळ्यांनी दिवसाउजेडी जमिनीवर एका पंगतीत जेवावं, अशी याची हौस. पण अभयची दुसरी पाळी. बाप जेवायला बसायचा तेव्हा लेक कंपनीत, आणि लेक यायचा तेव्हा बाप झोपलेला. सकाळी लेक झोपलेला. आठ दिवसांत एकदाही ताटं शेजारी लागली नाहीत. परत आल्यावर अण्णा चिडला नाही. म्हणाला, मीबी त्याला असंच वाढीवलं की, मी कवा हुतो घरी.

मग त्यानं गावच्या रानात शाळू पेरायचं डोक्यात घेतलं. विकतची ज्वारी नको, आप्पांच्या मातीतली पाहिजे. बियाणं मी कोरेगावहून माझ्या चुलतभावाकडून आणून दिलं. ते रान चाळीस वर्षं ऊस खाऊन बसलेलं. पाण्याला सुमार नाही, त्यामुळं खालचं मीठ वर आलेलं आणि सगळीकडं पांढरी खपली. ऊससुद्धा आता येईना म्हणून वाटेकऱ्यानं सोडून दिलेलं. दसऱ्यानंतर अण्णानं पेरलं आणि महिन्यानं मला बघायला घेऊन गेला. चारदोन ठिकाणी बोटभर पिवळी पाती होती. बाकी रान कोरं. अण्णा बांधावर उकिडवा बसला, ढेकूळ उचलून जिभेला लावलं आणि थुंकला. म्हणाला, खारट हाय रं.

परत फिरताना त्याच्या डाव्या टाचेत मला काटा दिसला. बाभळीचा, बोटाच्या पेराएवढा, पार आत रुतलेला. म्हणजे हा माणूस रानभर तो काटा घेऊन हिंडत होता. मी ओरडलो. त्यानं पाय वळवून बघितला, काटा उपटला, रक्त आलं, त्यावर माती दाबली. तोंडावरची रेघ हलली नाही. म्हणाला, आप्पांचं कातडं हाय हे. आणि मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की पुढं कितीतरी दिवस मी ही हकिकत गिऱ्हाइकांना सांगत होतो. बघा, जुन्या वळणाचा माणूस कसा असतो.

चैत्रात महावीर जयंतीची मिरवणूक सांगलीत होती. अण्णा माधवनगरहून चालत गेला, मिरवणुकीत चालला आणि चालतच परत आला. दुपारचा एक वाजलेला. मी दुकानातून बघतोय, डांबर पाघळलेलं आणि हा त्यावरून अनवाणी येतोय, संथ, बागेतून आल्यासारखा. रस्त्यावरची पोरं सावली धरून पळत होती. मी त्याला हाक मारून आत बसवलं, पाणी दिलं. विचारलं, पाय भाजत नाहीत का रे? म्हणाला, सवय झाली. तो उठून गेल्यावर फरशीवर पावलाचा ओला ठसा दिसला. मला वाटलं तांब्यातलं पाणी सांडलं. मी फडक्यानं पुसून घेतला.

पाणी नव्हतं ते. तळव्याला फोड आले होते, ते फुटले होते.

दोन आठवड्यांनी पद्मावैनी दुकानात आली ती रडतच. डावा पाय दोन दिवसांपासून सुजलाय, धोतराच्या चिंधीत गुंडाळून ठेवलाय, हळद भरतात आणि मला बघू देत नाहीत, पण भावजी, वास यायला लागलाय हो. मी तसाच उठलो. अण्णाला रिक्षात घालून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिंधी सोडली आणि मी तोंड फिरवलं. आधी दोन बोटं काढली. मग पाऊल. मग गुडघ्याखालून पाय. तीन आठवड्यांत तीनदा आत नेला. अभय रजा टाकून आला होता, तो कागदांवर सह्या करत होता. साखर त्या वेळीसुद्धा आटोक्यात होती, असं डॉक्टर म्हणाले. पायाच्या नसा मात्र फार पूर्वीच गेलेल्या होत्या, त्या भाकरीनं परत आल्या नसत्या. अनवाणी कोणी चालायला सांगितलं यांना, असं त्यांनी आम्हाला विचारलं.

तिसऱ्या ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो. वैनी ताट पुसत होती. दिवस मावळायला अर्धा तास होता, त्याचं जेवण उरकलं होतं. तो नियम त्यानं तिथंही सोडला नव्हता. मला जवळ बसायची खूण केली आणि बोलायला लागला, तर आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्या चपला चोरीला गेल्या न्हवत्या सातारकर," तो म्हणाला. "पाय लाकडागत झाला हुता. चप्पल कवा निसटायची मला कळायचं न्हाई. एका पायात घालून पेठभर हिंडायचो, लोकं बघाय लागली की ध्यानात यायचं."

मी म्हणालो, मग सांगायचं नाहीस का? निदान मला तरी? माझा आवाज चढला होता, शेजारच्या खाटेवरचा माणूस बघायला लागला. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्या दिशी समदी हसली. तूबी हसलास. मग म्या चपलाच काडून टाकल्या. आप्पांचं नाव पुढं केलं की कोण इचारत न्हाई."

मग त्यानंच माझा हात धरला. म्हणाला, सगळं काही ढोंग नव्हतं. आप्पांसारखं खाल्लं, आप्पांसारखं चाललो, तर मातीला लागून लागून पायात परत जीव येईल असं खरंच वाटायचं. रोज सकाळी अंगणात पाय टेकून बघायचो, गार लागतंय का. एकदा लागल्यासारखं वाटलं होतं. काटा रुतूनही कळला नाही तेव्हा मात्र घाबरलो होतो.

ज्याच्या पोटात काही राहत नाही असं आम्ही म्हणायचो, त्यानं हे एवढं पोटात ठेवलं होतं. आणि मी त्याला पट्टे आवळून देत होतो. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडलो, सांगायला लाज कसली.

जखम भरल्यावर अभयनं त्यांना शिरवळला न्यायचं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरची जागा, पण लिफ्ट आहे. जमिनीवर बसणं आता होणार नाही, त्यामुळं ते परत पाठवलेलं जेवणाचं टेबल कामाला येणार होतं. जातं गल्लीतल्या म्हातारीच्या अंगणात ठेवलं, त्यावर ती तुळशीची कुंडी ठेवते. जायच्या सकाळी गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. वैनी मागं, अण्णा पुढं, खिडकीची काच खाली. मी पायऱ्या उतरून गेलो. वाटलं निरोप घ्यायला थांबला असेल.

"माझी ठेव आन," अण्णा म्हणाला.

मला समजायला वेळ लागला नाही. पोटमाळ्यावर चढलो, खोकं काढलं, धूळ झटकली. त्यानं मांडीवर घेऊन उघडलं आणि तिन्ही चपला पालथ्या करून बघितल्या. तळ फारसे झिजलेले नव्हते. डॉक्टरांनी उजवा पाय उघडा ठेवायचा नाही असं बजावलंय म्हणाला. तीन जोड आहेत म्हणजे मरेपर्यंत पुरतील. जोड हा शब्द त्याच्या तोंडून चुकून गेला. वैनीनं पदर तोंडाला लावला. अभय समोर रस्त्याकडं बघत राहिला.

त्यानं तिसरी निवडली, सगळ्यात नवी. मी गाडीचं दार उघडून रस्त्यावर गुडघे टेकले आणि तीस वर्षं घालत आलो तशी ती त्याच्या पायात घातली. पाऊल थोडं सुजलेलं होतं. तोंडातून सवयीनं गेलं, घट्ट होतीय का रे?

"मला काय इचारतोस? तूच बघ की," अण्णा म्हणाला.

मी पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. बोट आत जाईना. पट्ट्याच्या कडेला कातडी पांढरी पडली होती आणि अण्णा माझ्याकडं बघत शांत बसला होता.

"बसली न्हवं बरोबर?" त्यानं विचारलं, त्याच्या जुन्या आवाजात, पेठेला ऐकू जाईल असं.

मी दुकानातून धारेची रापी मागवून घेतली आणि तिथंच रस्त्यावर बसून माझे टाके उसवायला लागलो.